केल्डरबी मूळचे कुठले?

सिंगापूरला लोक हौसेनं जातात. आम्ही गेलो ते मुलगी दुरावू नये म्हणून. तरी प्रवास झाला, खाणंपिणं झालं, पायांचे तुकडे पडले, आणि परत आल्यावर ओळखीच्या चौघीजणींनी व्हिसाचं आणि जेवणाचं विचारलं, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना नुसती माहिती हवी आहे त्यांनी गाळत गाळत वाचावं. ज्यांच्या घरी लग्नाच्या वयाची मुलं आहेत त्यांनी सगळं वाचावं.

झालं असं. आमची सई सिंगापुरात बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत काम करते. २०१६च्या सुरुवातीला तिनं फोनवर सांगितलं, की टॉम केल्डरबी नावाच्या इंग्रज मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मी आधी पाणी प्यायले आणि मग हो म्हणाले. आमचे विनायकराव "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते सांगते. बैठकीच्या खोलीतला सोफा बदलायचा विषय सई शाळेत होती तेव्हापासून 'बघू'वर आहे.

सईही त्यांचीच मुलगी. ती मला म्हणाली, "बाबा आले नाहीत तरी मी लग्न करणार आहे, आई. पण मग फोटोत मला नीट हसता येणार नाही." हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली.

बाबांना पटवावं म्हणून तिनं एक मेल पाठवला आणि होतं नव्हतं तेही बिघडवलं. टॉमचे वडील आर्थर हे निवृत्त शिक्षक, पत्नी वारलेली, आणि छंद एकच, आपल्या घराण्याची मुळं शोधायची. केल्डरबी हे जुनं 'योमन' घराणं आहे आणि त्यांनी थेट सोळाव्या शतकापर्यंत माग काढला आहे, असं सईनं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं.

आता 'योमन' हा शब्द विनायकरावांनी आयुष्यात दोनच ठिकाणी ऐकलेला. कंपनीतला निरोप समारंभ किंवा सोसायटीची वार्षिक सभा. कुणीतरी माईक धरून म्हणणार, "यांनी संस्थेला योमन सर्व्हिस दिली," आणि मग शाल, श्रीफळ, टाळ्या. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला, की ज्यांचं अख्खं घराणंच योमन, त्यांनी राजाची केवढी सेवा केली असेल आणि केवढी बक्षिसी मिळवली असेल.

"राजदरबारी माणसं आहेत ती," मला म्हणाले. "त्यांचं कूळ एवढं मोठं, आणि आपण? आपण नुसतेच कूळ."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. घराणं या अर्थाचं कूळ वेगळं, आणि दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारं कूळ वेगळं. विनायकरावांचे आजोबा कोकणात तळवडे गावात खोताची जमीन कसत होते. कूळकायदा आला तेव्हा त्यातला एक तुकडा त्यांच्या नावावर झाला. ही काही लपवण्यासारखी गोष्ट नाही, पण विनायकराव ती कुणाला सांगत नाहीत. आमच्या सोसायटीत सगळे धरून चालतात, की कोकणातले म्हणजे आंब्याच्या बागा असणार, आणि हे गप्प बसतात. उद्या सासरच्यांनी सईला पणजोबा कोण म्हणून विचारलं आणि तिची मान खाली गेली तर, ही भीती त्यांनी मनात धरली होती. तसं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर काही गोष्टी बोलून दाखवाव्या लागत नाहीत.

मार्चमध्ये आर्थर मुलाकडे राहायला येणार होते. मी विनायकरावांचं 'बघू' ऐकून घेतलं आणि तिकिटं काढली.

व्हिसा एजंटमार्फत केला, चारपाच दिवसांत आला. फोटो मात्र त्यांना मोजूनमापून लागतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चकचकीत नको. पुण्याहून टॅक्सीनं मुंबई, आणि तिथून विमानानं साडेपाच तास. पैशाबद्दल एवढंच सांगेन, की पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीला पन्नासनं गुणावं आणि मग गुणणं सोडून द्यावं, नाहीतर पाणीही घशाखाली उतरत नाही.

चांगी विमानतळावरून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, थेट शहरात जाता येतं, मध्ये तानाह मेराह नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची. सईनं आमच्यासाठी प्रवासाची कार्डं आणून ठेवली होती. ती गेटवर टेकवायची आणि आत जायचं. विनायकरावांनी दारातच सईच्या डोक्यावर हात ठेवला, "वाळलीस," म्हणाले, आणि लग्नाचा विषय काढला नाही. ती संध्याकाळ तिच्या इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाण्यात गेली. एका छपराखाली वीसेक टपऱ्या, ज्याला जे हवं ते त्यानं आणायचं आणि एकत्र बसून खायचं. मला हा प्रकार फार आवडला.

दुसऱ्या दिवशी भेट. टॉम पासिर रिसला राहतो, म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या स्टेशनवर. बुओना व्हिस्टाहून तासभर लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही आणि बसायला मिळतं. त्या उकाड्यात विनायकराव पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लग्नाकार्याचे बूट घालून निघाले. पिशवीत पैठणहून आणलेली शाल होती. योमन माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

दार उघडलं ते आर्थरनीच. अर्धी चड्डी, अनवाणी पाय आणि हाताला भांड्यांचा साबण. विनायकरावांनी एक क्षण मागे पाहिलं, घर चुकलं का म्हणून. मग रिवाजाप्रमाणे शाल उलगडून त्यांच्या खांद्यावर घातली. गृहस्थांना गहिवरून आलं. त्यांनी ती शाल संध्याकाळभर काढली नाही, पंख्याखाली घाम पुसत बसले. बाहेरच्या सामाईक गॅलरीतून जाणाऱ्या शेजारच्या चिनी आंटीनं उघड्या दारातून डोकावून काळजीनं विचारलं, "अंकल, सो हॉट, यू सिक आह?"

टॉम मला पाहताक्षणी पटला. उंच, लाजरा मुलगा. सईनं शिकवलेला वरणभात त्यानं केला होता आणि वरणात हिंग जरा जास्त पडला होता. चार घास पोटात गेल्यावर आर्थरनी आपली वंशावळ आणली आणि सतरंजी अंथरावी तशी फरशीवर पसरली. नावांवर नावं, रेघांवर रेघा. विनायकराव खुर्चीतूनच बघत राहिले. मग आर्थरनी अगदी साधेपणानं विचारलं, की तुमचं घराणं मूळचं कुठलं?

"कोकणातलं," विनायकराव म्हणाले, आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

सईनं माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढून घेतलं. परतीच्या गाडीत आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो आणि विनायकराव तासभर स्टेशनांची नावं वाचत होते.

तिसऱ्या दिवशी आर्थरना फोर्ट कॅनिंगला जायचं होतं. जवळच्या स्टेशनचं नाव चक्क धोबी घाट आहे, ते वाचूनच बरं वाटतं. वर टेकडीवर चढायला पायऱ्या आहेत, झाडी उत्तम आहे, तिकीट नाही. पाण्याची बाटली न्या आणि सकाळी लवकर जा. तिथे जुनी दफनभूमी होती, तिच्यातले कबरींचे दगड आता विटांच्या भिंतीत बसवलेले आहेत. आर्थर एकेक दगड वाचत चालले. मी विचारलं, तुमचं कुणी इथे आहे का? म्हणाले, कुणी नाही, पण सवय लागलीय, जाईन तिथे दगड वाचतो. मला त्यांची जरा कीव आली, पण आपलीही माणसं जातील तिथल्या देवळात देणगीदारांच्या पाट्या वाचतातच की.

तिथे सावलीत बसल्यावर विनायकरावांनी धीर करून विचारलं, आपल्या घराण्यानं राजाची नेमकी कोणती सेवा केली होती? आर्थरना कळेना. कसली सेवा? मग योमन सर्व्हिस, शाल, सत्कार असं सगळं सांगावं लागलं. ते ऐकून आर्थर इतके हसले, की खोकला लागून टॉमला पाठ चोळावी लागली.

योमन म्हणजे शेतकरी, त्यांनी सांगितलं. जमीनदार नाही, सरदार नाही, आणि दुसऱ्याच्या शेतावरचा मजूरही नाही. आपलं थोडंसं रान आपल्या हातानं नांगरणारा. त्यांच्यातले निम्मे सही म्हणून फुली मारत. राजानं त्यांचं तोंडही पाहिलं नसेल.

माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. आपल्याकडे पूर्वी स्वतःची जमीन स्वतः कसणाऱ्याला मिरासदार म्हणत, तसलंच हे. विनायकरावांनीही बुटांच्या नाड्या सैल केल्या. पण मला हळूच मराठीत म्हणालेच, "शेतकरी असले तरी पाचशे वर्षांचे मालक. मालक ते मालकच."

मग आर्थर त्यांची अडचण सांगू लागले. वंशावळीच्या टोकाला आहे विल्यम केल्डरबी. तो अ‍ॅशवोल्ड नावाच्या गावात होता आणि तिथे तेव्हाच त्याची स्वतःची शेती होती. केल्डरबी नावाचं गाव तिथून दिवसभराच्या चालीवर आहे. आडनाव तिथलं, तेव्हा विल्यमचा बाप तिथलाच असणार. म्हणून आर्थर कित्येक वर्षं दर सुट्टीत केल्डरबीला जातात, चर्चमधले जुने कागद चाळतात. तिथे केल्डरबी आडनावाचा एकही माणूस नाही. बाप नाही, आजा नाही, चुलता नाही. विल्यमच्या वर कागद कोरा. माझं वय झालं, म्हणाले, आता ते तसंच राहणार बहुतेक.

विनायकराव उतरताना दोन पायऱ्या चुकले, त्यावरून मला कळलं की डोक्यात काहीतरी चाललंय.

चौथा दिवस पुलाउ उबिन बेटाचा. सिंगापूरच्या उंच इमारतींचा कंटाळा आला असेल तर इथे जाच. आधी चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये जेवावं. नारळाच्या दुधातला भात, कुरकुरीत तळलेली मासळी आणि वर सांबाल नावाची तिखट लाल चटणी, असं साधं ताट मिळतं. कोकणी माणसाला तळलेला मासा दिसला की त्याचा चेहराच बदलतो. विनायकरावांनी दोन ताटं खाल्ली आणि काटा कसा काढायचा ते टॉमला शिकवलं. तिथेच धक्का आहे. लाकडी बोट माणशी तीन डॉलरला नेते, पण बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. "टू मोर, देन गो," नावाडी म्हणाला आणि वर्तमानपत्र वाचत बसला. आमच्याकडची वडापची जीप आठवली.

उबिनला सायकली भाड्यानं मिळतात. मुलं सायकलवर पुढे गेली, आम्ही तिघं पायी. पत्र्याची घरं, फणसाची झाडं, मोकाट कोंबड्या, ओल्या पाचोळ्याचा वास. विनायकरावांनी बूट काढून हातात घेतले. एका फणसाखाली बाक होता, तिथे बसलो. मुलंही सायकली लावून आली. आणि माझ्या नवऱ्यानं, कुणीही न विचारता, इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

"तुम्ही चुकीचं नाव शोधताय," ते आर्थरना म्हणाले. "आमचं आडनाव शेरवणेकर. म्हणजे शेरवण्याचे. पण शेरवण्यात एकही शेरवणेकर नाही."

आर्थरनी टोपी काढली. का नाही, म्हणाले.

"गावात सगळेच त्या गावचे. तिथे कोण कुणाला गावाच्या नावानं हाक मारणार? शेरवण्यात आमची भावकी राऊत आहे. आमचा कुणीतरी पूर्वज पोटासाठी डोंगर ओलांडून तळवड्याला आला. तिथले लोक विचारायचे, हा कोण? तर शेरवण्याचा. झाला शेरवणेकर. गावाचं नाव गाव सोडलेल्यालाच लागतं."

आर्थर म्हणाले, की हे कुठेतरी पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्याच घराला लावून पाहायचं कधी सुचलं नाही. म्हणजे विल्यमचा बाप केल्डरबीत असेल, पण वेगळ्याच नावानं, किंवा नुसता अमक्याचा जॉन म्हणून. तो कागदात कित्येकदा नजरेखालून गेलाही असेल. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी विचारलं, "तळवड्याला येऊन तुमच्या माणसांनी केलं काय?"

हाच तो प्रश्न होता. सई सायकलची घंटी धरून उभी होती, तिनं हात काढला. मला वाटलं आता हे विचारणार, बाथरूम कुठे आहे.

"ते कूळ होते," विनायकराव म्हणाले. शब्दाला इंग्रजी सुचलं नाही म्हणून तोच वापरला आणि मग समजावला. "जमीन दुसऱ्याची. राबायचं आम्ही, निम्मं भात त्याच्या घरी. माझ्या आजोबांपर्यंत हेच. त्यांच्या मागे आम्हाला काही माहीत नाही. तुमच्यासारखा मोठा कागद आमच्याकडे नाही."

आर्थरनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी ते विसरणार नाही. "मिस्टर शेरवणेकर," ते म्हणाले, "प्रत्येक योमनच्या मागे कुणीतरी असा आहे, जो योमन नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा. माझा विल्यम आभाळातून पडला नाही. मी आयुष्यभर त्या माणसाला शोधतोय, आणि तुम्ही तर त्याच्या मांडीवर बसला असाल."

"बसलोय," विनायकराव म्हणाले. "माझं कान टोचणं त्यांच्या मांडीवर झालं." आणि मग हा माणूस जो बोलायला लागला तो थांबेना. आजोबा कसे होते, पायाला चिखल्या कशा पडायच्या, जमीन नावावर झाली त्या दिवशी बांधावर बसून कसे रडले. यातलं बरंचसं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू येत होतं आणि इतकं हलकं वाटत होतं, की पाय जमिनीला लागत नव्हते. टॉमनं सगळं नीट बसून ऐकलं. मधेच त्यानं विचारलं, ती जमीन अजून आहे का? आहे, विनायकराव म्हणाले, तू आलास की दाखवतो.

परतीच्या बोटीत सई वडिलांना खेटून बसली. समोरच्या पाण्याकडे बघत ते आपणहून म्हणाले, "डिसेंबरात पुण्यात हॉल मिळतात का बघ. नंतर मिळत नाहीत."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. 'बघू' नाही, 'बघ'. इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा त्या एका उकाराचा फरक कळला.

पाचव्या दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही, आणि ते किती छान होतं म्हणून सांगू. बोटॅनिक गार्डनमध्ये फुकट हिंडलो, लिटल इंडियात डोसा खाल्ला (तिथे त्याला थोसाय म्हणतात, चटणी आपल्यासारखीच), शेजारणींसाठी चॉकलेटं घेतली. आर्थर आणि विनायकराव मागून येत होते, भाताच्या आणि गव्हाच्या पेरणीवर बोलत. दोघांनीही उभ्या आयुष्यात पेरणी केलेली नाही. विमानतळावर आर्थर शाल घेऊन आले होते, पण हातावर. तिथल्या एसीत ती त्यांनी खांद्यावर टाकली.

घरी आल्यावर काय उरलं? डॉलरची चिल्लर, प्रवासाची दोन कार्डं, आणि एक मेल. आर्थर इंग्लंडला परतले ते थेट केल्डरबीला गेले. तिथल्या जुन्या कागदात त्यांना दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा एक जॉन सापडला आहे, आडनाव वेगळं, पण मुलाचं नाव विल्यम आणि तो मुलगा पुढे त्या गावात दिसत नाही. तोच असेल असं छातीठोक सांगता येत नाही, ते लिहितात, पण कुठे बघायचं ते आता कळलं आहे आणि मला फार बरं वाटतंय. विनायकरावांनी तो मेल मला दोनदा वाचून दाखवला.

मग चिपळूणला फोन लावायचा राहिला होता. विनायकरावांच्या मोठ्या बहिणीला, आमच्या ताईंना, अजून काहीच सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, गॅलरीचं दार सताड उघडं होतं आणि खाली सोसायटीतले चौघं बाकावर बसलेले होते. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंग्रज ते ठीक. पण घराणं कसलं? आडनाव काय म्हणालास?"

"केल्डरबीकर," विनायकराव म्हणाले.

"कर आहेत?"

"कर आहेत. पोटासाठी गाव सोडलेले. मूळचे कूळ, आपल्यासारखे." आवाज जराही खाली न आणता म्हणाले. खालच्या बाकावरचं बोलणं थांबलेलं मला कळलं.

पलीकडून ताईंचा "हुश्श" मला थेट स्वयंपाकघरात ऐकू आला.

"वाचलो बाई," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी बडे लोक असतील."